आईचा कापलेला सीन

ज्या सिनेमाची मी काही महिने सगळ्यांत कट्टर चाहती समजली जात होते, तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आवडला नव्हता. खरं तर तेव्हा मी तो धड पाहिलाच नव्हता. माझं लक्ष पडद्यापेक्षा शेजारच्या खुर्चीकडे जास्त होतं. त्या खुर्चीत आई बसली होती आणि पडद्यावर ती कधी येते याची वाट बघत होती.

आम्ही बदलापूरला पूर्वेला राहतो. आई अंबरनाथच्या एका पतपेढीत नोकरी करते. तिच्याबरोबर काम करणारी एक मावशी बेलवलीत राहते. एका रविवारी आई तिच्याकडे गेली होती, तेव्हा एक माणूस बिल्डिंगमध्ये दारोदार विचारत आला. जवळच एका जुन्या घराच्या अंगणात शूटिंग आहे, लग्नाचा सीन आहे, बायका हव्यात. साडी स्वतःची, पांढरी नको, भडक लाल नको. जेवण त्यांच्याकडे. मावशीनं मला फोन केला, "तूपण ये गं, तुझ्या वयाच्या मुलीपण पाहिजेत." मी म्हणाले, अभ्यास आहे. दोनपेक्षा जास्त माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघू शकतील अशा ठिकाणी मला नेहमीच अभ्यास असतो.

आई मावशीची मोरपिशी साडी नेसून गेली. आत जाताना सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करून घेतले, म्हणजे कोणी फोटो काढायला नको. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून टेम्पो भरून माणसं आणली होती. आईनं सांगितलेलं खरं असेल तर, खऱ्या गावातल्या त्या माणसांना मागच्या रांगेत बसवलं आणि फ्लॅटमधल्या बायकांना गावच्या बायका म्हणून पुढे उभं केलं. मावशीला जेवणाच्या पंगतीत धाडलं, मंडपाच्या पार पलीकडे. आणि ज्या बाईला एक वाक्य बोलायचं होतं ती आलीच नाही, म्हणून दिग्दर्शकाच्या हाताखालच्या मुलीनं सगळ्या बायकांवरून नजर फिरवली आणि मोरपिशी साडीवर थांबवली.

"ताई, तुम्ही नवऱ्याची आत्या. हे काका येऊन म्हणतील, नवरी अजून तयार नाही. तुम्ही चिडायचं."

"किती चिडायचं?" आईनं विचारलं.

"घरी चिडता तेवढंच."

मग आईनं जे म्हटलं ते आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं आहे, की मला ते झोपेतही म्हणता येईल. "तयार नाही म्हणजे? मुहूर्त काय तिच्या पावडरीसाठी थांबणार आहे?" पहिलं वाक्य कागदावरचं होतं. पावडरीचं आईच्या तोंडून आपोआप आलं. सगळे हसले, दिग्दर्शक लांबून ओरडला, "हेच ठेवा!" आणि आईनं ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं.

आमच्याकडच्या लग्नांत मुहूर्त नसतो. विहारातून भंतेजी येतात, वंदना होते, फुलं उधळली जातात, आणि जेवायला उशीर झाला तर तेवढंच काय ते अशुभ. आयुष्यात एकही मुहूर्त न पाळलेल्या बाईनं मुहूर्तासाठी इतकं मनापासून चिडावं याचं बाबांना फार कौतुक वाटलं. "आपल्या लग्नाला मुहूर्त नव्हता ते बरं झालं," ते म्हणाले, "नाहीतर हिच्या पावडरीपायी तेव्हाच टळला असता."

सिनेमा लागला तेव्हा आईनं बिल्डिंगमधल्या बायकांना बदलापूरच्या थिएटरात नेलं. एक अख्खी रांग आमची होती. सिनेमा फार संथ होता. नायिका अर्धा सिनेमा बोलतच नाही, नुसती बघते. शेवटी एकदाचा मंडप दिसला, सनई वाजली, आईनं माझं मनगट धरलं, आणि पुढच्याच क्षणी नायिका सासरच्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. लग्न होऊन गेलं होतं.

"आता मागचं दाखवतील," आई कुजबुजली. "तिला आठवेल ना लग्न."

नायिकेला विहीर आठवली, बाप आठवला, एक शेळी आठवली. लग्न आठवलं नाही. शेवटची नावं वर सरकायला लागली तरी आई बसून राहिली, म्हणून आमची रांगही बसून राहिली. थिएटरमधली झाडूवाली बाई आमच्या रांगेशी येऊन थांबली, तेव्हा आम्ही उठलो.

तळमजल्यावरच्या काकू वयानं मोठ्या आणि स्वभावानं चौकस. त्यांनी आईला कधी खोटं पाडलं नाही. त्या फक्त विचारायच्या. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, हळदीकुंकवाच्या घोळक्यात. "अगं, तू कुठल्या सीनमध्ये होतीस म्हणालीस?"

"लग्नाच्या, वहिनी."

"हां हां, लग्नाच्या. ते काही दाखवलं नाही ना त्यांनी."

मावशीला साक्षीला बोलावलं तर ती म्हणाली, मी मागे होते, मला काही ऐकू आलं नाही, जिलेबी मात्र गरम होती. फोटो नव्हता. हळूहळू आई ते वाक्य घरातही म्हणेनाशी झाली. पतपेढीत सगळ्यांच्या ठेवी जिच्या शब्दावर असतात ती ही बाई, आणि बिल्डिंगमध्ये तिचा शब्द एका मंडपामागे अडकून पडला होता. मी इथे मान्य करायला हवं की मलाही खात्री नव्हती. वाक्य असेल, पण इतकं मोठं असेल का? दिग्दर्शक खरंच ओरडला असेल का? असं मनात यायचं आणि मी पटकन दुसरा काही विचार करायचे.

थिएटरांतून सिनेमा आठवड्याभरात गेला. मग काही काळानं मोबाइलवर आला आणि का कोण जाणे, लोकांना आवडायला लागला. तांदूळ निवडण्याच्या त्या दृश्याचे तुकडे फिरायला लागले. नायिकेच्या न बोलण्यावर लोक पानंच्या पानं बोलायला लागले. चाहत्यांचा एक ग्रुप तयार झाला. मग बातमी आली, की दिग्दर्शकाच्या मनातला मूळ सिनेमा बराच मोठा होता, कापलेली दृश्यं परत घालून त्याची लांब आवृत्ती निघणार आहे, आणि ती मोबाइलवर नाही तर डिस्कवर येणार आहे, मोजक्या प्रतींत, नाव नोंदवणाऱ्यांसाठी. ग्रुपमध्ये असा उत्साह पसरला की जणू प्रत्येकाच्या घरात बारसं आहे.

त्या दिवशी मी ग्रुपमध्ये शिरले. आईला सांगितलं नाही. आत जाऊन गुपचूप बघायचं, लग्न आहे का एवढं कळलं की बाहेर पडायचं, असा बेत होता.

पण वाट बघणारी माणसं नुसती बसत नाहीत. त्यांना काहीतरी चघळायला लागतं. डिस्कच्या खोक्यावर कुठलं चित्र असेल यावर तिथे भांडणं होत. ट्रेलरमध्ये दिसलेला आणि सिनेमात नसलेला एक कंदील होता; तो कुठल्या दृश्यातला असेल यावर लोकांनी कंदिलाची उंची, ज्योत, काजळी सगळ्यांचा अभ्यास केला होता. विहिरीच्या दृश्याची तर सगळ्यांना आस लागली होती. नायिका रात्रभर विहिरीच्या काठावर बसते, असं दृश्य चित्रित झालंय आणि पूर्ण कापलंय, ही ग्रुपची गीता होती. आणि लग्न? लग्नाबद्दल ग्रुपचं मत ठाम होतं. लग्न कापलं हाच सिनेमाचा सगळ्यांत मोठा गुण. मंडपातून सरळ तांदळावर! ग्रुपचे अ‍ॅडमिन चिखलोलीत राहणारे एक गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं, 'लग्न परत घातलं तर सिनेमाची लय मरेल. दिग्दर्शकाला आपण सगळ्यांनी मिळून विनंतीचं पत्र पाठवूया.'

पत्र! माझ्या आईला दुसऱ्यांदा कापायचं पत्र!

मी उत्तर लिहायला बसले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. माझं लिखित मराठी आलं ते शाळेतल्या एका विषयाच्या पुस्तकातून आणि बाबांच्या पेपरातल्या अग्रलेखांतून. त्यामुळे बोलताना मी पंचविशीतली असते आणि लिहायला लागले की साठीची होते. शिवाय मी कोण ते कळू नये म्हणून 'मला वाटतं' न लिहिता 'असे वाटते', 'असे म्हणावे लागेल' असं लिहिलं. मी लिहिलं की नायिकेचं मौन आपल्याला ऐकू यायचं असेल तर आधी भोवतीचा कोलाहल ऐकू यायला हवा. लग्न म्हणजे तो कोलाहल. विशेषतः वऱ्हाडातल्या वयस्क स्त्रिया, ज्या मुलीच्या उशिराला नावं ठेवतात, त्यांच्या आवाजाविना हे मौन पोरकं आहे, असे म्हणावे लागेल.

यातलं एकही वाक्य मी तोपर्यंत मनात आणलेलं नव्हतं. पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला. सकाळी बघितलं तर खाली टाळ्यांची रांग. कोणीतरी लिहिलं होतं, 'सर, डोळे उघडलेत.' अ‍ॅडमिननी लिहिलं होतं, 'सर, पत्राचा विचार रद्द.'

मी सर झाले. माझ्या नावाच्या जागी एक अक्षर होतं आणि फोटोच्या जागी मिटलेली छत्री. त्या छत्रीत त्यांना निवृत्त प्राध्यापक दिसला असावा. सुधारायला हवं होतं, पण सुधारायचं म्हणजे पुन्हा लिहायचं, आणि लिहिलं की मी आणखी साठीची होणार. मग मी सरच राहिले. लग्नाच्या बाजूनं एक गटच तयार झाला. मी वऱ्हाडी स्त्रियांवर लिहिलं, मंडपावर लिहिलं, सिनेमातल्या ध्वनीवर तर इतकं लांब लिहिलं की ते वाचायला मलाच दोनदा चहा करावा लागला. आणि या सगळ्यात एक विचित्र गोष्ट झाली. आपलंच म्हणणं खरं ठरतंय का ते बघायला मी सिनेमा पुन्हा पाहिला, आणि तो मला आवडला. तांदूळ निवडणाऱ्या त्या हातांकडे बघून रडूही आलं. खोटा सिद्धांत मांडता मांडता मी खरी चाहती झाले होते, आणि हे सांगायला माझ्याकडे कोणी नव्हतं.

ग्रुपमध्ये कोणी म्हणायचं, सर, एकदा आवाजात बोला ना. मी लिहायचे, घसा बसला आहे. ग्रुपला वाटत असावं की सरांचा घसा कायमचा गेला.

डिस्क आल्या त्या गठ्ठ्यानं, अ‍ॅडमिनच्या घरी. त्यांच्याकडून प्रत्येकानं न्यायच्या होत्या. मी चिखलोलीला गेले. नव्या टॉवरांची रांग, बरेचसे अजून रिकामे, खाली सिमेंटच्या गोण्या. दार उघडलं ते बाबांच्या वयाच्या एका माणसानं. माझ्या हातातला नोंदणीचा मेसेज बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग माझ्या मागे कोणी आहे का ते त्यांनी वाकून बघितलं.

"सर आले नाहीत?"

मी चपला काढायला वाकले.

"तू सरांची मुलगी का?"

खरं सांगायची संधी इतकी स्वच्छ पुन्हा मिळाली नसती. मी म्हणाले, "हो."

"बस ना, बस. घसा कसाय त्यांचा?"

"तसाच आहे."

"अगं, त्यांना सांग, हळद-दूध घ्या. काय माणूस आहे! तो ध्वनीवरचा लेख, मी प्रिंट काढून ठेवलाय. घरी पण असंच बोलतात का गं?"

"घरी फारसं बोलत नाहीत," मी म्हणाले, आणि हे तरी अगदी खरं होतं.

त्यांनी मला पोहे दिले. डिस्क एका कापडी पिशवीत घालून, वर सरांसाठी म्हणून एक आवळा कँडीचं पाकीट दिलं. मी खाली उतरताना ते गॅलरीतून हात हलवत होते. मीही हलवला, सरांच्या वतीनं.

ग्रुपमधल्या उतावळ्यांनी तोवर डिस्कच्या मागचा मजकूर वाचून काढला होता. विहीर होती. कंदील होता. आणि खाली बारीक अक्षरांत: लग्नसोहळा. मग मी आईला सांगितलं.

आई कुकर लावत होती. तिनं शिट्टी बसवली, हात पुसले, डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "रविवारी सगळ्यांना बोलावते."

"आधी आपण दोघी बघूया ना."

"का?"

मी तिच्या हातातली डिस्क घेऊन पिशवीत घालायला लागले. आई माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुलापण खात्री नाही," ती म्हणाली. रागावून नाही. भाजीत मीठ कमी आहे, अशा सुरात. मग ती खाली गेली आणि पहिलं आमंत्रण तळमजल्यावरच्या काकूंनाच देऊन आली.

आता प्रश्न असा होता की डिस्क लावायची कशात? इतके महिने कंदिलाच्या काजळीपर्यंत सगळ्याची चर्चा करणाऱ्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. आता एकदम सगळे एकमेकांना विचारायला लागले, 'तुमच्याकडे प्लेअर आहे का?' कोणाकडेच नव्हता. बाबांनी माळ्यावरून आमचा जुना काढला. त्यात डिस्क घातली, तर त्यानं ती दोनदा घरघरवून बाहेर टाकली, लहान मूल औषध थुंकतं तशी.

बाबा आणि मी उल्हासनगरला गेलो. तिथल्या बाजारात मिळत नाही अशी गोष्ट नसते, असं आमच्याकडे मानतात. तिसऱ्या दुकानातल्या सिंधी काकांनी डिस्क बघितली आणि हात जोडले. "बेटा, ये तो नई वाली डिस्क है, पुराने प्लेअर में नहीं चलेगी. और नया प्लेअर अब लेता कौन है? सबका मोबाइल में हो गया." मग आत जाऊन त्यांनी एक वापरलेलं मशीन आणलं, त्यावरची धूळ फुंकली आणि दुकानातल्या टीव्हीला लावलं. पडद्यावर सिनेमाचं नाव उमटलं. मी घाईघाईनं म्हणाले, "बस, बस, बंद करा." मला तिथे पुढचं काही दिसायला नको होतं.

"पूरा चेक नहीं करना?" काका म्हणाले.

"नाही, हिला मुहूर्तावरच बघायचंय," बाबा म्हणाले.

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या. बायका आल्या, मावशी बेलवलीहून आली, काकूंना सोफ्याची कोपऱ्यातली जागा दिली कारण त्यांचे गुडघे दुखतात. आईनं मावशीची मोरपिशी साडी पुन्हा मागून नेसायची की नाही यावर सकाळपासून विचार केला होता. शेवटी साधा पंजाबी ड्रेस घातला, जणू तिला काहीच विशेष वाटत नाही. रिमोट माझ्याकडे होता. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. घाबरले की ते नेहमी दारातच उभे राहतात.

सिनेमा आता आणखी संथ झाला होता. कंदील आला, गेला. मी सोडून कोणी बघितला नाही. मग सनई वाजली.

मंडप. यावेळी तो गेला नाही, थांबला. कॅमेरा माणसांतून सरकत होता. मागे पंगतीत मावशी दिसली, जिलेबीकडे बघणारी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक धोतरवाले काका लगबगीनं आले, आणि त्यांच्यासमोर, चौकटीच्या बरोबर मध्ये, मोरपिशी साडीत आई.

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं. "तूच आहेस!"

काका म्हणाले, "नवरी अजून तयार नाही."

आईनं मान झटकली, अगदी घरी झटकते तशी, तोंड उघडलं, आणि एक बारीक, गोड, भलताच म्हातारा आवाज म्हणाला, "चला, आटपा लवकर."

टाळ्यांसाठी वर आलेले हात खाली गेले.

"हा कोणाचा आवाज?" काकूंनी विचारलं.

सिनेमात गर्दीतल्या माणसांचे आवाज मागाहून स्टुडिओत दुसऱ्यांकडून भरून घेतात, ही गोष्ट कोणालाही माहीत असते. ध्वनीवर लेख लिहिणाऱ्या सरांना ती सुचली नव्हती. वऱ्हाडी स्त्रियांच्या आवाजाविना मौन पोरकं असतं म्हणे! त्या आवाजासाठी मी ग्रुपशी भांडले, आणि हा आला होता.

आईनं ओढणी मांडीवर नीट केली. बाबा दारातून एक पाऊल आत आले.

"मागे घे गं," काकू म्हणाल्या.

मला वाटलं त्या आता आईला ते वाक्य पुन्हा ऐकवणार. पण नाही म्हणता येईना. मी मागे घेतलं. मान झटकली, 'चला, आटपा लवकर.' काकू पुढे सरकल्या, चष्मा नाकावर वर केला.

"परत घे."

मी परत घेतलं.

"अगं, आवाज संपतोय आणि हिचं तोंड चालूच आहे," काकू म्हणाल्या. "बघ ना. आटपा लवकर झालं, तरी ही बोलतेच आहे. काहीतरी लांबलचक बोलतेय."

सगळ्या बायका पडद्याकडे वाकल्या. खरंच. गोड आवाज कधीच गप्प झाला होता आणि आईचे ओठ तावातावानं हलत होते. कोणाला तरी फैलावर घेणारे ओठ. आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ते बघितले होते.

आई उठून टीव्हीपाशी गेली. "आवाज बंद कर," ती मला म्हणाली.

मी बंद केला. दृश्य मागे नेऊन चालू केलं. आईनं तोंड उघडलं, पण पडद्यावरच्या आईच्या आधीच. मग दुसऱ्यांदा, उशिरा.

"तो माणूस काय बोलतोय ते ऐकू आल्याशिवाय मला जमणार नाही," ती वैतागून म्हणाली. "शूटिंगमध्ये तो बोलायचा आणि मग मी. कोणीतरी त्याचं बोला."

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. बाबांनी घसा साफ केला, आई म्हणाली, "तुमचं नको, तुम्ही मध्येच हसाल." मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या मागोमाग सगळ्यांनी. आमच्या हॉलमध्ये मावतात तेवढे सगळे डोळे माझ्यावर होते.

धोतरवाले काका लगबगीनं आले. "नवरी अजून तयार नाही," मी म्हणाले. म्हणजे मला वाटलं की म्हणाले.

"काय?" आई म्हणाली. "मुंगी बोलली का? मोठ्यानं बोल! लग्नघर आहे."

मी पुन्हा मागे घेतलं. काका आले.

"नवरी अजून तयार नाही!" मी ओरडले. चौथ्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

"तयार नाही म्हणजे?" आई कडाडली. "मुहूर्त काय तिच्या पावडरीसाठी थांबणार आहे?"

आणि पडद्यावरचे ओठ आणि आईचे शब्द एकाच वेळी सुरू झाले, एकाच वेळी चालले, 'पावडरी'ला दोन्हीकडे तोच हात वर गेला, आणि दोन्ही आया एकदम थांबल्या. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मंडपातली माणसं आवाज न करता हसत होती. आमच्या हॉलमधली आवाज करून.

मावशी म्हणाली, "अगं खरंच बोलली की गं ही! आणि मी जिलेबी खात बसले!"

काकूंनी चष्मा काढून पुसला. "मला आधीपासून वाटतच होतं," त्या म्हणाल्या. आईनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्या पुढे म्हणाल्या, "बरं, नव्हतं वाटत. पण आता बोलतेस तशीच बोललीस हो तिकडे. काही फरक नाही. बिचारा तो धोतरवाला." मग जरा थांबून, "वाक्य बदललं कशाला मेल्यांनी? चांगलं होतं."

"मला काय माहीत, वहिनी," आई म्हणाली. ती परत सतरंजीवर येऊन बसली, पण आता पाय पसरून.

मला वाटलं, झालं, आता आवाज लावावा. पण पडद्यावर एक बाई सुपात काहीतरी घोळत होती, आणि काकू तिच्यासाठी बोलल्या, "एवढ्या तांदळात वऱ्हाड जेवणार? काय मेली कंजूस माणसं!" बायका खो-खो हसल्या. मग नवऱ्या मुलाला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आवाज दिला, त्याला चड्डी टोचत होती असं निघालं. घोड्याला मावशीनं दिला. बाबांना नवरीचा बाप केलं, ते हसून हसून भिंतीला टेकले आणि त्यांना एक शब्द बोलता आला नाही. अर्धा सिनेमा न बोलणारी नायिका आमच्या हॉलमध्ये सासूला फाडफाड उत्तरं देत होती.

मग ते दृश्य आलं. विहीर. नायिका रात्री काठावर बसते, पाण्यात कंदिलाचा उजेड हलतो. ज्यासाठी ग्रुपमधली माणसं इतके महिने जीव टांगून बसली होती, ज्याच्या शांततेवर मी स्वतः लिहिलं होतं की तिच्यात रातकिड्यांचाही आवाज नसावा, ते दृश्य.

"अगं ए बाई, मागे सरक," काकू म्हणाल्या. "शेवाळ असतं तिथे. पाय घसरेल."

"आई गं, भूक लागली," मावशी नायिकेच्या वतीनं म्हणाली. "घरात कोणी विचारलं नाही."

"ये मग इकडे," आई म्हणाली. "बटाटेवडे केलेत."

माझा अंगठा आवाजाच्या बटणावर होता. मी काहीतरी बोलणार होते, ध्वनीबद्दल. आईनं माझ्याकडे न बघताच हात हलवला.

"राहू दे गं तसंच. आणि आता तू बोल. तो कंदीलवाला येतोय, त्याचं कोणी बोलत नाहीये."